नव्वद दिवसांची पाहुणी



'पर्यटक' हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांपुढे कोण उभे राहते? गळ्यात कॅमेरा, डोळ्यांवर काळा चष्मा, खिशात पैसा. चार गावे हिंडायची, फोटो काढायचे, बाजारहाट करायचा आणि मुक्काम संपला की आपल्या घरी परतायचे. परंतु याच जगात अशाही 'पर्यटक' होऊन गेल्या, की ज्यांनी परक्या देशात वर्षानुवर्षे काढली ती दुसऱ्याच्या मोरीत, दुसऱ्याच्या चुलीपुढे, दुसऱ्याची लेकरे सांभाळण्यात. पासपोर्टावर शिक्का मात्र पर्यटकाचा! दर नव्वद दिवसांनी तो शिक्का जुना व्हायचा. मग नवा शिक्का मिळविण्यासाठी त्या बायांना देशाची सीमा ओलांडून बाहेर जावे लागायचे आणि लगेच उलटे फिरून पुन्हा आत यावे लागायचे.

ही हकीकत आहे दक्षिण अमेरिकेतील पेरू देशातून शेजारच्या चिली देशात घरकामाला गेलेल्या बायांची. पेरू कुठे, चिली कुठे आणि आपण कुठे, असे कोणी म्हणेल. परंतु कागदावर एक आणि प्रत्यक्षात दुसरेच, ही कष्टकऱ्यांच्या वाट्याला येणारी गोष्ट देश बदलला म्हणून बदलत नाही. म्हणून ही हकीकत शेवटपर्यंत वाचावी, ही विनंती.

गाव का सोडले?

दक्षिण अमेरिका खंडाच्या पश्चिम किनाऱ्यावर वर पेरू आणि त्याच्या खाली चिली. चिलीचा नकाशा पाहिला तर एखादी लांबच लांब चिंधी किनाऱ्याला वाळत घातली आहे, असे वाटते. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला अँडीज पर्वत. देशाची राजधानी सांतियागो साधारण मध्यावर आणि पेरूला लागलेले आरिका शहर अगदी उत्तरेच्या टोकाला.

१९८० नंतरची दहा-बारा वर्षे पेरूच्या गोरगरिबांना फार वाईट गेली. एकीकडे 'शायनिंग पाथ' या सशस्त्र संघटनेचा हिंसाचार आणि तो मोडण्यासाठी लष्कराने केलेला हिंसाचार. दुसरीकडे महागाईचा कहर. १९९० साली पेरूतील वार्षिक महागाई ७ हजार टक्क्यांच्या वर गेली होती! म्हणजे सकाळी हाती पडलेल्या पगाराची किंमत संध्याकाळी राहत नव्हती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष फुजिमोरी यांच्या सरकारने एका रात्रीत भाववाढीला वाट मोकळी करून दिली. पुढे सरकारी नोकऱ्यांत कपात झाली, कारखाने बंद पडले. चिंबोते, त्रुहियो अशा उत्तर किनाऱ्यावरील शहरांत पुरुषांच्या हातचे काम गेले. चिलीत मात्र त्याच सुमारास पैसा खेळू लागला होता. सांतियागोच्या वरच्या वस्त्यांतील घरांना कामाला बायका हव्या होत्या. चिलीच्या स्वतःच्या गरीब मुली आता दुकानांत, कारखान्यांत जाऊ लागल्या होत्या. दुसऱ्याच्या घरी रात्रंदिवस राबायला त्या तयार नव्हत्या.

मग पेरूच्या बाया निघाल्या. त्यांत शिक्षिका होत्या, नर्सचे शिक्षण घेतलेल्या होत्या, शिवणकाम करणाऱ्या होत्या. लेकरे आईपाशी, बहिणीपाशी ठेवली आणि बसमध्ये बसल्या. २००२ च्या जनगणनेत चिलीत राहणारे पेरूचे लोक ३५ हजारांच्या वर भरले आणि त्यांत पुरुषांपेक्षा बायांची संख्या जास्त होती.

दाराच्या आत

चिलीत घरकाम करणाऱ्या बाईला 'नाना' म्हणतात. आपल्याकडे नाना म्हणजे घरातला वडीलधारा माणूस. तिकडे नाना म्हणजे सर्वात आधी उठणारी आणि सर्वात शेवटी निजणारी बाई! कामाचे दोन प्रकार. एक 'पुएर्तास आफुएरा', म्हणजे दाराबाहेर राहून, दिवसभर काम करून घरी जाणारी. दुसरा 'पुएर्तास आदेन्त्रो', म्हणजे दाराच्या आत, मालकाच्याच घरी राहणारी. नव्याने आलेल्या पेरूच्या बाईला दाराच्या आतलेच काम सोयीचे वाटायचे. भाडे वाचते, जेवण मिळते आणि पगार जसाच्या तसा घरी पाठवता येतो. पण जी दाराच्या आत राहते तिच्या कामाला घड्याळ नसते. रात्री पाहुणे आले, उठा. मूल रडले, उठा. हे आपल्या वाचक भगिनींना वेगळे सांगायला नको.

आठवड्याची सुट्टी रविवारी. त्या दिवशी शहराच्या मुख्य चौकात, प्लासा दे आर्मासमध्ये, पेरूचे लोक जमत. चौकाला लागून जुने कॅथेड्रल आहे. त्याच्या बाजूच्या रस्त्याला लोक 'छोटी लिमा' म्हणू लागले, कारण लिमा ही पेरूची राजधानी. तेथे फोनची दुकाने, पैसे पाठवण्याची दुकाने, पेरूचे खाणे. कामाच्या बातम्या तेथेच कळायच्या. कोणते घर चांगले, कोणती मालकीण पगार बुडवते आणि सीमेवर हल्ली काय विचारतात, हेसुद्धा!

तीन महिन्यांचा हिशेब

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. पर्यटक म्हणून चिलीत आलेल्याला ९० दिवस राहता येते. पर्यटकाने काम करायचे नाही, असा नियम. मग या बाया कामाचा परवाना घेऊन का गेल्या नाहीत? कारण परवाना मागायला आधी मालकाचा लेखी करार हवा. लेखी करार केला की मालकाला विमा आणि पेन्शनचे पैसे भरावे लागतात. तेव्हा अनेक मालकिणी म्हणत, 'आधी काम बघते, मग कागदाचे बघू.' हे 'मग' कित्येकींच्या बाबतीत उगवतच नसे.

करार झाला तरी गोष्ट संपत नव्हती. त्या काळचा 'कराराला बांधलेला' व्हिसा खरोखरच बांधलेला होता. तो कायदा १९७५ सालचा, म्हणजे लष्करी राजवटीतला. त्यात करार संपला की व्हिसाही संपला. कायमचा रहिवास मागायचा तर त्याच एका मालकाकडे दोन वर्षे काढायची. मालकीण कितीही तापट असो, साहेबाची नजर कशीही असो, दोन वर्षे तोंड दाबून बसायचे. म्हणून पुष्कळ बायांना या व्हिसापेक्षा पर्यटकाचा शिक्काच कमी जाचक वाटे. निदान घर बदलता तरी येई.

मात्र त्याची किंमत दर तीन महिन्यांनी मोजावी लागे. सांतियागोहून आरिका रस्त्याने सुमारे २ हजार किलोमीटर आहे. आपल्या हिशेबाने मुंबईहून नागपूरमार्गे हावड्याला जाण्याइतके अंतर. तेही बसने. अटाकामाचे वाळवंट तुडवत सुमारे ३० तास. खिडकीबाहेर ना झाड, ना गाव. नुसती माती, दगड आणि मधूनमधून समुद्र. जाऊन येऊन ६० तास. वर्षातून चार वेळा म्हणजे २४० तास. वाचकहो, हे पूर्ण दहा दिवस आणि दहा रात्री होतात! वर्षाला १६ हजार किलोमीटर, म्हणजे अडीच वर्षांत या बाईने पृथ्वीला एक प्रदक्षिणा घातली, ती फक्त आपण आहोत तेथेच राहण्यासाठी.

तिकिटाचे पैसे तिचे. चार-पाच दिवसांचा खाडा तिचाच. मालकीण रजा देईल की 'जाते आहेस तर परत येऊ नको' म्हणेल, ही धाकधूकही तिचीच.

रेषेवर

आरिकाच्या स्टँडवरून पेरूच्या ताक्ना शहराकडे वाटणीच्या टॅक्सी सुटतात. गाडीत पाच प्रवासी भरले की निघाली. अंतर ६० किलोमीटरांच्या आत. वाटेत चिलीची चौकी चाकायुता आणि पुढे पेरूची चौकी सांता रोसा. पासपोर्टावर चार शिक्के व्हायचे: चिलीतून बाहेर, पेरूत आत, पेरूतून बाहेर, पुन्हा चिलीत आत. वर्षाला सोळा. पासपोर्टाची पाने भराभर भरायची आणि भरलेली पानेच अधिकाऱ्याला सारे सांगून टाकायची.

या सीमेचाही इतिहास आहे. १८७९ साली सुरू झालेल्या युद्धात चिलीने आरिका आणि ताक्ना ही दोन्ही शहरे पेरूकडून घेतली. १९२९ च्या तहाने ताक्ना पेरूला परत मिळाले, आरिका चिलीकडे राहिले. दोन्हीकडची माणसे सोयरी-धायरी. म्हणून १९३० सालीच असा करार झाला, की या दोन शहरांच्या रहिवाशांनी साध्या पासावर सात दिवस इकडून तिकडे जावे-यावे. बाजाराला, दवाखान्याला लोक आजही जातात. पण हा पास फक्त त्या सीमाभागापुरता. सांतियागोला कामाला जाणारीला त्याचा उपयोग नाही. १९७० च्या दशकात चिलीच्या लष्कराने याच सीमेलगत सुरुंग पेरले होते. २०१२ च्या फेब्रुवारीत पावसाच्या लोंढ्याने काही सुरुंग वाहत रस्त्यापाशी आले आणि आरिका-ताक्ना रस्ता बंद ठेवावा लागला. ते सारे सुरुंग काढून संपायला २०२० साल उजाडले.

आता या बाईचा सीमेवरचा दिवस डोळ्यांपुढे आणा. जाताना फारसे कोणी अडवत नाही. जाणाऱ्याला कोण अडवतो? ताक्नात एक रात्र काढायची. घरून कोणी भेटायला येणे कठीण, कारण ताक्नाहून लिमा सुमारे १,३०० किलोमीटर आणि चिंबोते त्याच्याही पुढे. म्हणजे बाई स्वतःच्या देशात येते, स्वतःच्या मातीवर झोपते, पण लेकराचे तोंड दिसत नाही. फोनवर बोलायचे, पैसे पाठवायचे आणि सकाळी परत फिरायचे.

परतताना खरी परीक्षा. 'कशाला चाललात?' फिरायला. 'किती दिवस?' पंधरा. 'राहणार कुठे?' बहिणीकडे. 'पैसे दाखवा.' पर्यटकाकडे खर्चायला पैसे असलेच पाहिजेत, म्हणून ते दाखवावे लागत. त्याला 'प्रवासाची थैली' असे नाव होते. जिच्याकडे नसत ती उसने घेऊन दाखवायची. अंगावर त्यातल्या त्यात चांगले कपडे घालायचे, हातात जुने गाठोडे दिसू द्यायचे नाही. आणि हात? भांडी घासून घासून भेगाळलेले हात कुठे लपवायचे?

पिशवीचीही झडती होते. चिलीत बाहेरून फळे, भाज्या, बियाणे नेण्यास सक्त मनाई आहे. शेतीला कीड लागू नये म्हणून हा नियम सर्वांनाच लागू, आणि तो योग्यही आहे. दंडही मोठा होतो. पण घरची चार फळे बरोबर घेतलेली बाई ती चौकीपाशी कचऱ्यात टाकते, तेव्हा तिला काय वाटत असेल, हे आपल्यापैकी माहेरची पिशवी जपून आणणाऱ्या प्रत्येकीला समजेल.

ज्यांना आत घेतले जात नसे त्यांच्यासाठी स्पॅनिशमध्ये एक शब्द रूढ झाला, 'रेबोते'. त्याचा अर्थ चेंडू भिंतीवर आपटून परत येणे. माणसाला चेंडू म्हणायचे! परत फिरवलेली बाई ताक्नात थांबायची आणि दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या पाळीला, दुसऱ्या अधिकाऱ्यापुढे पुन्हा उभी राहायची. तिकडे सांतियागोत तिची खोली, तिचे कपडे, तिचा महिन्याचा अडकलेला पगार. आणि मालकीण दुसरी बाई शोधू लागलेली.

काही जणी लांबचा प्रवास टाळून अर्जेंटिनातील मेंदोसा शहरी जात. सांतियागोहून ते साधारण ३६० किलोमीटर, सहा-सात तासांची वाट. पण मध्ये अँडीज पर्वत. घाटमाथ्याचा बोगदा ३ हजार मीटरांहून उंचावर आहे. हिवाळ्यात बर्फ पडले की तो रस्ता कित्येक दिवस बंद राहतो आणि शिक्क्याची तारीख काही बर्फ वितळण्याची वाट पाहत नाही. ज्यांना हे दोन्ही परवडत नसे त्या मुदत उलटली तरी तशाच राहत. मग पोलीस दिसला की रस्ता बदलायचा आणि घरी कोणी वारले तरी जायचे नाही, कारण एकदा बाहेर पडले की परत येणे अवघड.

शिक्का एक, न्याय दोन

गंमत अशी, की हेच काम गोरा युरोपियनही करतो. अर्जेंटिनातही पर्यटकाला ९० दिवस मिळतात. ब्युनोस आयर्समध्ये स्पॅनिश शिकायला, नाच शिकायला, स्वस्तात राहायला आलेले युरोप-अमेरिकेचे तरुण बोटीत बसून नदीपलीकडे उरुग्वेच्या कोलोनिया गावी जातात. तासा-सव्वा तासाचा प्रवास. जुन्या गल्ल्या पाहतात, जेवतात आणि संध्याकाळी नवा शिक्का घेऊन परत येतात. वर्षानुवर्षे असे करणारे कितीतरी झाले. त्यांच्यासाठी ती एक सहल असते आणि त्यांच्या हातांकडे सहसा कोणी पाहत नाही.

नियम कागदावर सर्वांना सारखा. पण चौकीवरचा माणूस कोणाला प्रश्न विचारायचा आणि कोणाला नाही, हे चेहरा, रंग आणि कपडे पाहून ठरवतो. हा अनुभव आपल्या लोकांना नवा नाही.

शिक्का आईला, शिक्षा लेकराला

या पर्यटकाच्या शिक्क्याचे दुष्परिणाम तरी किती? पहिला परिणाम पगारावर. मालकाने दोन महिन्यांचा पगार दाबला तर तक्रार कोणाकडे करायची? कामगार कार्यालयात गेले तर पहिला प्रश्न, तुम्ही तर पर्यटक, काम करतच कसे होता? मालकालाही हे पक्के ठाऊक. म्हणून शिक्क्याची तारीख जवळ आली की कित्येक घरांत कामाचा बोजा वाढे आणि बाईचा आवाज खाली येई.

दुसरा परिणाम त्याहून वाईट. चिलीच्या राज्यघटनेप्रमाणे त्या देशात जन्मलेले मूल चिलीचे नागरिक होते. मात्र त्याला अपवाद आहे, 'वाटसरू परदेशी' आई-बापांच्या मुलाचा. जहाज बंदराला लागले आणि कोणा प्रवाशाचे मूल तेथे जन्मले, तर अशासाठी हा अपवाद असावा, असे कोणालाही वाटेल. पण २०१४ सालापर्यंत तेथील सरकारी खात्याने त्याचा अर्थ असा लावला, की ज्या आईकडे रहिवासाचा कागद नाही ती वाटसरू! मग ती त्या शहरात पाच वर्षे राबत असो की दहा. तिच्या बाळाच्या जन्मनोंदीवर शेरा पडायचा, 'वाटसरू परदेशीचे मूल'. ते मूल ज्या गावात जन्मले, ज्या शाळेत गेले, त्याच गावात ते कागदोपत्री परके. २०१४ मध्ये हा अर्थ बदलला. पुढे जुन्या नोंदी दुरुस्त करून अशा मुलांना नागरिकत्व देण्याचे काम सरकारनेच हाती घेतले. पण मधल्या काळात कित्येक मुले हा शेरा घेऊनच मोठी झाली.

शिक्का म्हणजे काय शाईचा डाग, असे म्हणणाऱ्याने हे लक्षात घ्यावे. आईला 'पाहुणी' म्हटले की लेकराचेही घर जाते.

बदल कशाने झाला?

हा फेरा कोणाच्या हुशारीने सुटला नाही. कोणत्या चौकीवर कोणता अधिकारी मवाळ आहे, कोणत्या पाळीला गर्दी असते, ही माहिती बायांनी एकमेकींना दिली, आणि त्या वेळेपुरता तिचा उपयोग झाला. पण खरा बदल झाला तो कायद्याने.

चिली सरकारने १९९८ साली आणि पुन्हा २००७-०८ साली, कागद नसलेल्या परदेशी लोकांना नोंदणीची संधी दिली. दोन्ही वेळी सर्वात मोठा गट पेरूच्या लोकांचा होता. रांगा लागल्या, आणि वर्षानुवर्षे लपून राहिलेल्या बाया पहिल्यांदा स्वतःचे खरे नाव आणि खरा धंदा सांगून सरकारी टेबलापुढे उभ्या राहिल्या.

घरकामगारांच्या संघटनांनीही नेट लावला. १९९८ साली चिलीतील घरकामगार स्त्रीला गरोदरपणात कामावरून काढण्याविरुद्ध संरक्षण मिळाले. त्याआधी ते बाकीच्या कामगार स्त्रियांना होते, हिला नव्हते. २०११ च्या मार्चपासून घरकामगाराचे किमान वेतन इतर कामगारांच्या बरोबरीचे झाले. तोवर कायदाच सांगत होता, की हिला कमी दिले तरी चालेल! २०१४ च्या कायद्याने बाहेर राहणाऱ्या घरकामगाराला आठवड्याचे कामाचे तास ४५ ठरवून दिले, दाराच्या आत राहणारीला रोज बारा तास विश्रांती दिली आणि बागेत, बाजारात, हॉटेलात तिला गणवेश घालण्याची सक्ती करण्यास मनाई केली. मूल मालकाचे, कडेवर हिच्या आणि अंगावर ओळख पटावी म्हणून चौकड्यांचा झगा, हा प्रकार कायद्याने थांबला. घरकामगारांच्या हक्कांचा १८९ क्रमांकाचा आंतरराष्ट्रीय करार जागतिक कामगार संघटनेने २०११ साली मंजूर केला. चिलीने तो २०१५ मध्ये आणि पेरूने २०१८ मध्ये स्वीकारला.

शेजारच्या अर्जेंटिनाने तर आणखी मोठे पाऊल टाकले. तेथे १९८१ सालचा, लष्करी हुकूमशाहीतला परदेशी नागरिकांचा कायदा होता. तो जाऊन २००४ मध्ये नवा कायदा आला. शेजारील देशांतून आलेल्या माणसाने ओळखीचा कागद दाखवावा, त्याच्यावर गुन्हे नाहीत हे दाखवावे आणि दोन वर्षांचा रहिवास घ्यावा. मालकाचा करार नको. पेरू, बोलिव्हिया, पाराग्वे येथून आलेल्या हजारो घरकामगार, शिवणकामगार, बांधकाम मजूर यांची सीमेवरची ये-जा त्यामुळे थांबली. चिलीने अशी सवलत बोलिव्हिया, पाराग्वे, ब्राझील, अर्जेंटिना, उरुग्वे यांच्या लोकांना दिली, पण ज्या पेरूच्या बायांवर त्याची घरे चालत होती त्यांना दिली नाही. एकाच बाईला एका देशात रहिवास आणि दुसऱ्या देशात नव्वद दिवस. बाई तीच, कामही तेच. फरक फक्त कायद्याचा.

आजची स्थिती

आता ही वाट आणखी अरुंद झाली आहे. २०१९ च्या जूनमध्ये पेरूने आणि पाठोपाठ चिलीने व्हेनेझुएलाच्या लोकांना आधी व्हिसा घेण्याची अट घातली. अगोदर निघालेली कुटुंबे पोराबाळांसह चाकायुताच्या चौकीपुढे उघड्यावर अडकली. २०२० च्या मार्चमध्ये करोनामुळे सीमा बंद झाल्या. चिलीने रस्त्याची सीमा नेहमीसारखी उघडली ती २०२२ च्या मे महिन्यात. दोन वर्षे शिक्का नाही, फेरी नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये चिलीतून उत्तरेकडे निघालेले शेकडो लोक, बहुतेक व्हेनेझुएलाचे, याच रेषेवर अडकले. पेरू आत घेईना, मागे चिलीत राहण्याचा कागद नाही. वाळवंटात तंबू ठोकून ते राहिले. शेवटी मे महिन्यात त्यांतील काहींना विमानाने मायदेशी नेण्यात आले.

चिलीचा नवा कायदा २०२१ साली मंजूर झाला आणि २०२२ च्या फेब्रुवारीपासून लागू झाला. त्यानुसार पाहुणा म्हणून आत आलेल्याला, जवळचे नातेवाईक असण्यासारखे काही अपवाद सोडले तर, तेथेच राहून रहिवास मागता येत नाही. अर्ज बाहेरून करायचा. म्हणजे 'आधी पर्यटक म्हणून जाऊ, काम मिळाले की कागद करू' ही जुनी वाट जवळजवळ बंद झाली आहे. वाट बंद झाली, पण घरांना नाना हवीच आहे!

आपल्या घरापुरते

आपल्या वस्त्यांतूनही मुले-मुली आखातात जातात. व्हिजिट व्हिसावर नेऊन कामाला लावायचे आणि मुदत संपत आली की दुबईहून इराणच्या किश बेटावर किंवा ओमानच्या हद्दीत धाडून नव्या कागदाची वाट पाहायला लावायचे, हा प्रकार तिकडे गेलेल्या पुष्कळांनी सोसला आहे. समुद्र वेगळा, वाळवंट वेगळे, पण युक्ती तीच. म्हणून एवढेच सांगावेसे वाटते: एजंट 'आधी व्हिजिटवर जा, नंतर कामाचा व्हिसा करून देतो' म्हणाला तर तेथेच थांबा. तो एजंट केंद्र सरकारकडे नोंदलेला आहे का, ते पाहा. करार आपल्याला कळणाऱ्या भाषेत वाचून घ्या आणि त्याची एक प्रत घरी आईजवळ किंवा बायकोजवळ ठेवा. व्हिसावर लिहिलेले काम आणि तोंडी सांगितलेले काम एकच आहे ना, हे जाण्याआधी तपासा. कागदावर पाहुणे म्हणून गेलात तर पगारासाठी भांडताना तुमच्या बाजूने बोलायला कायदा नसतो.

पेरूच्या त्या बायांनी कोणाची फसवणूक केली, असे म्हणणारे तिकडेही होते आणि इकडेही निघतील. पण विचार करा. त्यांचे श्रम चिलीने रोज घेतले. त्यांच्या हातचे जेवण खाऊन माणसे कचेऱ्यांत गेली, त्यांनी न्हाऊमाखू घातलेली मुले शाळेत गेली. मग खोटे कोण बोलले? 'मी फिरायला चालले' म्हणणारी बाई, की तिचे काम हवे असूनही तिला कामगार म्हणायला तयार नसलेला कायदा? त्यांना दया नको होती. आपण जे आहोत तेच कागदावर लिहिले जावे, एवढेच त्यांचे मागणे होते. कष्ट करणाऱ्याला कामगार म्हणा, राहणाऱ्याला रहिवासी म्हणा आणि तेथे जन्मलेल्या लेकराला तेथले म्हणा. एवढे झाले, की दोन हजार किलोमीटर जाऊन शिक्का आणण्याची गरज कोणालाच उरणार नाही.